नाव घ्यायचं राहून गेलं

दुपारची भांडी उरकून कुणी दळण निवडत बसली असाल, कुणी जनावरांना वैरण टाकून आत्ताच टेकली असाल. आज आम्ही कर्जाचं, व्याजाचं, शेळीच्या विम्याचं काही सांगणार नाही. आज एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट लांबची, जपानची आहे. पण ती ऐकताना आमच्या गटात जे झालं, ते अगदी आपल्या गल्लीतलं आहे.

झालं असं, की श्रावणातल्या एका मंगळवारी साप्ताहिक बैठकीत आमच्या एका सदस्येनं तक्रारच मांडली. म्हणाली, "ताई, माझी पोरगी सुट्टीला आलीय तालुक्याच्या कॉलेजातनं. चित्रांचं पुस्तक घेऊन बसती, उलटं वाचती, मागच्या पानाकडनं. आणि वाचता वाचता रडती. जरा बघा तिच्याकडं." आम्हाला वाटलं, परीक्षेचं काही असेल, नाहीतर दुसरं काही असेल. पोरीला बोलावून घेतलं. ती आली ती पुस्तक काखेत मारूनच. हसून म्हणाली, "मला काही झालं नाही हो. ही गोष्टच तशी आहे."

तिनं सांगितलं, जपानमध्ये अशा चित्रकथांना मांगा म्हणतात. आपल्याकडच्या कॉमिकसारख्याच, पण बहुतेक काळ्या-पांढऱ्या, आणि उजवीकडून डावीकडे वाचायच्या. म्हणून तिच्या आईला वाटलं पोरगी उलटं वाचते. त्या पुस्तकाचं नाव 'फ्रूट्स बास्केट', म्हणजे फळांची टोपली. लिहिणारी आणि चित्रं काढणारी एक बाईच आहे, नात्सुकी ताकाया. 'हाना तो युमे' नावाच्या पाक्षिकात, म्हणजे 'फुलं आणि स्वप्नं', १९९८ ते २००६ अशी आठ वर्षं ही गोष्ट क्रमाक्रमानं आली. तिचे २३ भाग झाले. मध्येच बाईंच्या चित्र काढायच्या हाताचं ऑपरेशन झालं, तेव्हा गोष्ट काही काळ थांबलीही होती. २००१ मध्ये तिला जपानमधला कोदान्शा पुरस्कार मिळाला. पुढं तिच्यावर कार्टून मालिकाही निघाली.

पोरीकडं इंग्रजीतले भाग होते. आम्ही म्हटलं, "मग आम्हालाही सांग की." आणि पुढचे पाच मंगळवार, बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, की अर्धा तास ही गोष्ट. ती वाचायची आणि मराठीत सांगायची. अडलेला इंग्रजी शब्द आम्ही सोडवायचो, तेवढाच आमच्या बी.ए.चा उपयोग.

गोष्टीतल्या मुलीचं नाव तोहरू होंडा. होंडा ऐकल्याबरोबर एकजण म्हणाली, "गाडीवाली का?" तर तसं नाही, ते तिचं आडनाव. वडील लहानपणीच गेले. आईनं एकटीनं वाढवली. पोरगी हायस्कूलला असताना आईपण गाडीच्या अपघातात गेली. आजोबांनी घरात घेतलं, पण त्या घराचं काम काढलं होतं. आजोबा म्हणाले, तेवढे दिवस एखाद्या मैत्रिणीकडं राहा. हिला वाटलं, मैत्रिणींना कशाला त्रास. म्हणून ही पोरगी तंबू ठोकून एकटी राहते. सकाळी शाळा, संध्याकाळी एका मोठ्या इमारतीत साफसफाईचं काम, त्यातून शिक्षणाचा खर्च. आणि तोंडावर सदा हसू.

इथंच आमच्यातल्या एका मावशींनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, "त्रास नको म्हणून लांब राहणारी पोर बघितली की भीती वाटती. तिला आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं, की तू त्रास आहेस म्हणून."

तो तंबू ज्या जागेत असतो, ती जागा सोमा नावाच्या बड्या घराण्याची. त्यांच्यातली मंडळी तिला घरात घेतात, ती त्यांचा स्वयंपाकपाणी बघते. त्या घराण्याला एक शाप आहे. चीन-जपानकडं वर्षांना जनावरांची नावं असतात, उंदराचं वर्ष, वाघाचं वर्ष, अशी बारा. जुन्या गोष्टीत देवानं सगळ्या जनावरांना जेवायला बोलावलं. उंदरानं मांजराला फसवून दिवस चुकीचा सांगितला, म्हणून मांजराचं जेवण हुकलं आणि बारांत त्याची गणतीच झाली नाही. सोमा घराण्यात त्या बारांचा आणि तेराव्या मांजराचा शाप घेऊन मुलं जन्मतात. परक्या बाईनं अशा पुरुषाला, किंवा परक्या पुरुषानं अशा बाईला मिठी मारली, की त्या माणसाचं जनावर होतं. हे ऐकून आम्ही सगळ्या हसलो. एक म्हणाली, "आमच्याकडं मिठी नको, पोटात दारू गेली तरी होतंय." पण पुढं हसू मावळलं. कारण शाप जनावराचा असला, तरी त्या मुलांचं खरं दुखणं वेगळंच आहे. जन्म देणाऱ्या आईबापांनीच त्यांना झिडकारलं आहे.

मोमिजी म्हणून एक मुलगा आहे. सशाचा शाप. जन्मलेलं बाळ आईनं छातीशी धरलं, की त्याचा ससा व्हायचा. आईला ते सोसलं नाही. ती आजारी पडली, तिचं मन ढासळलं. त्या घराण्यात आठवणी पुसू शकणारा एक डॉक्टर आहे. आईनं स्वतःहून मागितलं, की हा मुलगा माझ्या आठवणीतून काढून टाका. आणि काढला. पुढं तिला मुलगी झाली, संसार सुखाचा झाला. मोमिजी समोर आला तर ती परक्याच्या मुलाशी बोलावं तसं गोड बोलते, आणि निघून जाते. त्याच्या बहिणीला तो भाऊ आहे हेसुद्धा माहीत नाही. आणि तो पोरगा म्हणतो, मला मात्र माझी कोणतीच आठवण पुसायची नाही, दुःखाचीसुद्धा नाही.

त्या मंगळवारी बैठकीत दोन तट पडले. अर्ध्या जणी म्हणाल्या, "कसली ही आई!" तेवढ्यात कोपऱ्यातून एक बाई हळूच बोलली. तिला आम्ही सात वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली असं वाटलं. म्हणाली, "मला थोरली झाल्यावर तिच्याकडं बघवत नव्हतं. दीड महिना. दूध पाजायचे आणि तोंड फिरवायचे. सासू म्हणायची बाहेरचं झालंय, आई म्हणायची थेर करते. मला वाटायचं मी राक्षसीण आहे. कुणी विचारलं नाही, की तुला काय होतंय."

सगळ्या गप्प झाल्या. मग आमच्या गटातल्या आशाताईंनी सांगितलं, की बाळंतपणानंतर असं होऊ शकतं. तो आजार आहे, त्याला औषध आहे, समजावून घेणारं माणूस लागतं. ते राक्षसपण नाही. ती बाई ऐकत राहिली आणि म्हणाली, "जपानात विसरायचं औषध देतात. आपल्याकडं गप्प बसायचं देतात."

मैत्रिणींनो, ती गोष्ट ऐकली नसती, तर हे वाक्य आमच्या कानावर कधी आलं असतं, सांगा.

दुसरी एक मुलगी आहे किसा. तिला वाघाचा शाप, म्हणून केसांचा आणि डोळ्यांचा रंग वेगळा. शाळेतल्या मुली चिडवतात. काही बोलली की हसतात. शेवटी पोरगी बोलायचीच बंद होते. घरी आईला काही सांगत नाही, एक दिवस घरातून निघून जाते. आई शोधून शोधून थकते, आणि सापडल्यावर तिच्या तोंडून निघतं, की आता मी थकले, तुझ्या मनात आहे तरी काय. तेव्हा तोहरू त्या आईला समजावते. आपल्याला सगळे चिडवतात हे आईला सांगायची मुलाला लाज वाटते. आईला कळलं तर आईच्या मनातून आपण उतरू, अशी भीती वाटते.

आमच्यात एकीची मुलगी आठवीत आहे. पोट दुखतं म्हणून पंधरा दिवस ती शाळेला जात नव्हती. डॉक्टर झाले, देवऋषी झाला. त्या दिवशी ती आई घरी गेली आणि पोरीशेजारी नुसती शेंगा फोडत बसली. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी शेंगा फोडता फोडता पोरगी आपणहून बोलायला लागली. तिनं काय सांगितलं ते आम्ही इथं सांगणार नाही, ते तिचं आहे. पण ती आता शाळेत जाते.

आता एक गोष्ट आम्हा प्रशिक्षण घेणाऱ्यांनाच टोचली. किसाचे शिक्षक तिला पत्र पाठवतात, की आधी स्वतःवर प्रेम करायला शीक, मग शाळेत ये. तेव्हा युकी नावाचा मुलगा, ज्याला स्वतःच्या आईनं कधी माणूस म्हणून वागवलं नाही, तो विचारतो, की ज्याच्यात चांगलं काही आहे असं कुणी कधी म्हटलंच नाही, त्यानं स्वतःत आवडण्यासारखं काय शोधायचं? आधी कुणीतरी म्हणावं लागतं, की तू मला आवडतोस. मग हळूहळू माणूस स्वतःला आवडायला लागतो.

आम्ही गावोगाव जाऊन काय सांगतो? ताई, स्वतःचा आदर करा, आत्मविश्वास वाढवा. फळ्यावर लिहितो, टाळ्या वाजवून घेतो. पण जिला घरात बाराच्या बारा महिने 'ए' म्हणूनच हाक मारतात, तिनं आत्मविश्वास कुठून आणायचा? तो बाजारात मिळत नाही. तो आधी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून यावा लागतो.

आणि आता ज्याच्यासाठी आज बोलायला बसलो, ते सांगतो.

पुस्तकाचं नाव फळांची टोपली का, असं आम्ही पोरीला विचारलं. ती म्हणाली, जपानमध्ये लहान मुलांचा एक खेळ आहे. गोल करून बसायचं, प्रत्येकाला एका फळाचं नाव द्यायचं. ज्या फळाचं नाव पुकारलं जाईल, त्यानं उठायचं. तोहरू लहान असताना खेळात एका खोडकर मुलानं तिला फळाचं नावच दिलं नाही. तो म्हणाला, तू ओनिगिरी. ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा. मिठाच्या हातानं भात दाबून वळायचा, आत काहीतरी खारट-आंबट घालायचं, बाहेरून समुद्रातल्या शेवाळाचं वाळवलेलं पान लावायचं. आपण शेतावर भाकरी नेतो, तसं ते त्यांचं शिदोरीचं खाणं. खेळ सुरू झाला. सफरचंद उठलं, केळं उठलं, सगळी पोरं हसतखेळत उठली. भाताचा गोळा बसून राहिला. फळांच्या टोपलीत भाताचा गोळा कुठून असणार? तिला ते कळलं नाही. ती आपली वाट बघत बसली, की माझंही नाव येईल.

इतकं झाल्यावर आमच्या खजिनदारताई वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या, "बसून राहिली होय? मी पण बसले होते की, संक्रांतीला."

आम्हाला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा जमीन फाटावी असं झालं.

त्या वर्षी संक्रांतीला गटानं हळदीकुंकू केलं होतं. बारा सदस्या, प्रत्येकीकडून ५० रुपये वर्गणी, ६०० रुपये. तिळगूळ, वाणाला स्टीलच्या वाट्या. वर्गणी बाराजणींची घेतली. बोलावणं दहाजणींना गेलं. उरलेल्या दोघी, एक या खजिनदारताई आणि एक वयस्कर काकू, दोघींचे नवरे वारलेले. बोलावण्याची यादी आम्हीच केली होती, आमच्या हातानं. मुद्दाम वगळलं असंही नाही. हात आपोआप त्या दोन नावांवरून पुढं गेला. आणि तो ६०० रुपयांचा खर्च वहीत कुणी लिहिला होता? खजिनदारताईंनी. वही उघडून बघितली, त्यांच्याच अक्षरात ओळ होती.

त्या म्हणाल्या, "वर्गणी घेतली, तेव्हा वाटलं बोलवतील. इरकली साडी काढून ठेवली होती. संध्याकाळी दार उघडंच ठेवलं होतं. तुम्ही सगळ्या माझ्या दारावरनं हसत गेला. मग लावून घेतलं."

नऊ वर्षं दर बैठकीत हजेरीला आम्ही त्यांचं नाव पुकारतो. त्या 'हजर' म्हणतात. नऊ वर्षांत एक हप्ता चुकलेला नाही. बँकेत सगळ्यात आधी त्या उभ्या असतात. कामाच्या यादीत नाव आणि कुंकवाच्या यादीत नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा आदर्श घ्यायला सांगितलं. आम्ही त्यावर या गटातच चर्चा केली होती, टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या गावाच्या ठरावाला टाळ्या वाजवणं सोपं असतं. आपल्या हातातली यादी दिसत नाही.

त्या दिवशी कुणी भाषण केलं नाही. आम्ही एवढंच म्हणालो, "ताई, चुकलं आमचं." त्या म्हणाल्या, "चला, गोष्ट पुढं सांगा." आणि वही मिटली.

गोष्ट पुढं अशी आहे. आजोबांच्या घराचं काम संपतं आणि तोहरूला परत तिकडं जावं लागतं. तिथले नातेवाईक टोचून बोलतात. तेव्हा युकी आणि क्यो, म्हणजे उंदीर आणि मांजर, एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं, तिला घ्यायला येतात. घरी चल, म्हणतात. तिला तो लहानपणीचा खेळ आठवतो, आणि वाटतं, इतक्या वर्षांनी आज आपलं नाव पुकारलं. आमची ती कॉलेजची पोरगी या जागी रडली होती. त्या दिवशी आमचा सगळा गट रडला, पण आमचं रडणं वेगळं होतं. पोरगी तोहरूसाठी रडली होती. आम्ही त्या पोरांच्या जागी होतो, ज्यांनी भाताच्या गोळ्याचं नाव घेतलं नाही.

भाताच्या गोळ्याची आणखी एक गोष्ट त्यात आहे, ती जरा बरी आहे. ओनिगिरीत उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबट फळ घालतात, आपल्या खारातल्या लिंबासारखं. तोहरू म्हणते, समजा ते लोणचं गोळ्याच्या पाठीवर लावलेलं असेल, तर प्रत्येकाला दुसऱ्याच्या पाठीवरचं दिसतं. आपल्या पाठीवरचं आपल्याला दिसत नाही. म्हणून माणसाला वाटतं, माझ्याकडं नुसता कोरा भात. चांगलं जे आहे ते दुसऱ्याकडं.

यावर आमच्यातल्या मावशी म्हणाल्या, "मग पाठीमागच्या बाईनं सांगायला नको का?" तोच खेळ आम्ही केला. गोल करून बसलो. प्रत्येकीनं आपल्या उजव्या हाताच्या बाईच्या पाठीवर हात ठेवून सांगायचं, हिच्या पाठीवर काय आहे. खोटं कौतुक नको, स्वतः बघितलेली गोष्ट हवी. एक म्हणाली, "माझा पोरगा तापानं फणफणला होता, ही रात्री अकराला टेम्पो घेऊन आली." दुसरी म्हणाली, "ही भांडते, पण माघारी कुणाचं वाईट बोलत नाही." एक बाई ऐकता ऐकता रडायला लागली. म्हणाली, "सव्वीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या पाठीवर काही आहे हे मला आज कळलं." मैत्रिणींनो, हा खेळ तुम्ही तुमच्या गटात करून बघा. पैसे लागत नाहीत. फक्त एक पाळा, जी गप्प असते तिच्यापासून सुरू करा.

पण मायेच्या गोष्टी ऐकताना एक गल्लत होते, ती आपण करू नये. आमच्यातल्या एका तरुण सुनेनं बरोबर प्रश्न विचारला. म्हणाली, "ही तोहरू सगळ्यांचं ऐकून घेते, सगळ्यांना सावरते. हिचं कोण ऐकतं?" आणि गोष्टीतही तेच पुढं निघतं. तोहरू सगळ्यांशी अगदी अहो-जाहो करून बोलते, मैत्रिणींशीसुद्धा. का, तर तिचे वडील तसं बोलायचे. वडील गेल्यावर आई दुःखानं इतकी खचली होती, की या लहान पोरीकडं बघायचंही तिला भान नव्हतं. त्यात नातेवाईक कुजबुजले, की पोरगी बापासारखी दिसत नाही. म्हणून त्या चिमुरडीनं वडिलांसारखं बोलायला सुरुवात केली, की आई तरी आपल्याला सोडून जाऊ नये. म्हणजे तिचं ते गोड बोलणं, ते सतत हसणं, त्याच्या तळाशी भीती होती.

आपल्यातल्या किती जणींचं हसू असं आहे? घरातलं सगळ्यांचं करते, कुणाला दुखवत नाही, किती गुणाची म्हणून जिचं नाव होतं, तिला एकदा बाजूला बसवून विचारा, की बाई, तू भितेस कुणाला?

माया म्हणजे मार सोसणं नव्हे. त्या गोष्टीतही प्रत्येक आईबाप सुधारत नाहीत. मोमिजीच्या आईला तो शेवटपर्यंत आठवत नाही. रिन नावाच्या मुलीचे आईबाप तिचा छळ करतात, तेव्हा ती दुसऱ्या नातेवाइकांच्या घरी राहायला जाते. क्योला बापानं दोष देऊन टाकलेलं असतं. त्याला काझुमा नावाचे गुरू आपला मुलगा म्हणून वाढवतात. जन्माचं घर नाकारतं, तेव्हा कुणीतरी दुसरं दार उघडावं लागतं.

म्हणून हेही नीट ऐकून ठेवा. घरातल्या हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. बाई ज्या घरात नांदली, त्या घरात राहण्याचा हक्क तो कायदा तिला देतो, घर तिच्या नावावर नसलं तरी. कुणी मारत असेल, घराबाहेर काढत असेल, तर महिलांसाठी १८१ नंबर आहे. तातडीची मदत हवी असेल तर ११२. मुलांसाठी १०९८. आणि मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ ला फोन करा. तिथं मनाच्या आजाराचं ऐकून घेणारी माणसं बसलेली असतात. हे नंबर फुकट आहेत. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता शेवटचं. यंदाची संक्रांत.

यंदा यादी केली नाही. हजेरीची वहीच समोर ठेवली आणि त्यातली बारा नावं होती त्या क्रमानं बोलावणं केलं. खजिनदारताईंच्या आणि काकूंच्या घरी आम्ही पाचजणी मिळून गेलो. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. काकू म्हणाल्या, "पोरींनो, बरं वाटलं. पण मला नको. इतक्या वर्षांची सवय मोडत नाही, अंगावर काटा येतो." आम्ही आग्रह केला नाही. वाण तिथंच दिलं, काकूंनी तिळगूळ आमच्या हातावर ठेवला. आमच्याच गटातल्या एक सदस्या त्या दिवशी आल्या नाहीत. "शुभकार्यात हे चालत नाही," असा निरोप आला. त्यांच्याशी आम्ही भांडलो नाही. त्यांचं नाव पुढच्या वर्षीही पुकारणार आहोत.

खजिनदारताई आल्या. तीच इरकली साडी नेसून आल्या. आधी मावशींनी पुढं होऊन त्यांना हळदीकुंकू लावलं. हात थरथरत होता, कुणाचा ते कळलं नाही. मग नेहमीप्रमाणे उखाणे सुरू झाले. 'नाव घे, नाव घे' म्हणून एकेकीच्या मागं लागणं सुरू झालं. त्यांची पाळी आली तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या. काय म्हणावं कुणाला सुचेना. तेवढ्यात ती कोपऱ्यातली बाई, थोरलीच्या वेळी तोंड फिरवणारी, ती म्हणाली, "ताई, नाव घ्या की."

ताई जरा थांबल्या. मग त्यांनी सरळ नवऱ्याचं नाव घेतलं. आधी यमक नाही, जुळवाजुळव नाही. नुसतं नाव, आणि त्याच्यापुढं 'राव'. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "नऊ वर्षांत मोठ्यानं घेतलं नव्हतं."

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत, तुमच्या गटात, तुमच्या घरातही, दार उघडं ठेवून बसलेली कुणीतरी असेल. ती हाक मारणार नाही. हाक आपल्याला मारायची आहे. आज रेडिओ बंद केल्यावर आठवून बघा, आपल्या यादीत कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं.